फलकनुमाचा दिवाणखाना आणि सिरसाळ्याचं मंगल कार्यालय

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीनं करतो, मग इतिहासात शिरू.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सिरसाळ्याच्या जवळच्याच एका मंगल कार्यालयाच्या मालकानं मला फोटो काढायला बोलावलं. मी तेव्हा नवीन फोन घेतलेला. सकाळी गेलो, कोपऱ्यात भिंतीला पाठ चिकटवून उभा राहिलो, कॅमेरा 0.5 वर टाकला आणि काढले पंधरा-वीस फोटो. घरी येऊन उजेड वाढवला, रंग चढवले. हॉल असा दिसायला लागला की मालक स्वतःच म्हणाला, "हे आपलंच का रे?" फोटो व्हॉट्सॲपवर फिरले, नकाशाच्या ॲपवर चढले. मी खूश, मालक खूश.

त्या उन्हाळ्यात तिथं एक लग्न लागलं. मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, पण बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो: दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मधल्या काळात हॉल बघायला गावी कोण येणार? त्या माणसानं फडातून फोटो बघितले आणि ॲडव्हान्स पाठवला. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं आणि निम्मं वऱ्हाड बाहेर उन्हात. आत जागाच नव्हती. म्हाताऱ्या बाया भिंतीच्या सावलीला बसल्या. प्यायच्या पाण्याचे जार दुपारी एकलाच संपले.

मी पण तिथं होतो, जेवायला. मुलीच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं की फोटो याने काढलेत. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लेका, फुटूत तर लई मोठं दिसत होतं."

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. रिकाम्या हॉलचा फोटो देखणा करण्याची ही कला आली कुठून? आणि ती पहिल्यापासूनच अशी होती का? शोधायला लागलो तर मला फार लांब जावं लागलं नाही. हैदराबादला जावं लागलं. म्हणजे एका अर्थी आपल्याच जुन्या राजधानीला.

आपली जुनी राजधानी

शाळेत आपण 17 सप्टेंबरला झेंडावंदन करतो, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 1948 च्या त्या दिवसापर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं आणि तिथं लष्करी छावणी होती. कागद हैदराबादला जायचे, हुकूम हैदराबादहून यायचे.

त्या हैदराबादेत 1884 साली एका टेकडीवर एक महाल बांधायला घेतला. बांधणारे होते विकार-उल-उमरा, निजामाच्या जवळच्या पायगा घराण्यातले अमीर, पुढे संस्थानाचे दिवाण. महालाचं नाव फलकनुमा, म्हणजे आकाशाचा आरसा. बांधायला आणि सजवायला वर्षानुवर्षं लागली. संगमरवरी जिने, झुंबरं, नाचाचा हॉल आणि एक जेवणाचा हॉल, ज्यातल्या एकाच लांबलचक टेबलावर 101 पाहुणे बसू शकतात. आज आपण ज्याला 'इव्हेंट स्पेस' म्हणतो ना, तेच हे, फक्त बुकिंग निजामशाहीतलं. खर्च इतका झाला की तो खुद्द अमीरालाही जड गेला, आणि 1890 च्या दशकाच्या अखेरीस महाल सहाव्या निजामाकडं, मीर महबूब अली खान यांच्याकडं गेला. पुढं तो संस्थानाच्या शाही पाहुण्यांचा बंगला झाला. आणि गंमत बघा, 2010 पासून तिथं खरोखरच ताजचं हॉटेल आहे. म्हणजे फलकनुमाचे जुने फोटो हे आता एका हॉटेलच्या हॉलचे फोटो आहेत.

ते फोटो काढणाऱ्याचं नाव लाला दीनदयाळ.

इंजिनिअरचा डोळा

दीनदयाळांचा जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे काढायचे, मोजमापं घ्यायची. फोटोग्राफी आधी हौस होती. मग 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला मध्य भारतातल्या जुन्या इमारतींचे फोटो त्यांनी सर लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर फिरून काढले, 1886 साली त्याचं पुस्तकही निघालं. नोकरी सुटली, स्टुडिओ वाढला. 1894 साली निजामानं त्यांना 'राजा बहादूर मुसव्वर जंग' हा किताब दिला. 1896 मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. 1905 साली ते वारले.

मला यातला महत्त्वाचा शब्द वाटतो तो 'बांधकाम खातं'. आपण फोन वर केला की खांब आत झुकतात, भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. दीनदयाळांच्या फोटोत खांब सरळ म्हणजे सरळच. त्यात जादू नव्हती. त्या काळचा मोठा कॅमेरा तिकाटण्यावर असायचा, पुढची भिंग बसवलेली पाटी वर-खाली सरकायची. कॅमेरा न वाकवता नुसती पाटी वर सरकवली की उंच छतही चौकटीत येतं आणि खांबही सरळ राहतात. पाणसळ लावून लेव्हल बघायची, मागच्या दुधी काचेवर उलटं दिसणारं चित्र काळ्या कापडाखाली डोकं घालून तपासायचं. गवंड्याचा ओळंबा आणि फोटोग्राफरचा डोळा, दोन्ही एकाच कामाचे.

आता आतल्या खोलीचा फोटो तेव्हा किती अवघड होता ते ऐका. 1880 नंतर बाजारात तयार कोरड्या काचा मिळायला लागल्या, त्यामुळं जागेवरच काच ओली करून घ्यायची कटकट गेली. पण त्या काचांना निळा उजेड जास्त कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. लाल गालिचा फोटोत काळा. दिव्याचा पिवळा उजेड तर फार कमी कामाचा. म्हणजे भिस्त सगळी खिडकीतून येणाऱ्या उजेडावर. आणि त्या खिडकीचाच त्रास! खिडकीचा झगझगीत उजेड काचेच्या मागच्या बाजूवर आपटून परत फिरायचा आणि फोटोत खिडकीभोवती पांढरं धुकं पसरायचं. मग उपाय काय? काचेच्या मागं काळा लेप द्यायचा, समोरच्या खिडक्यांना पडदे लावायचे, ऊन ज्या बाजूला नाही ती वेळ निवडायची.

आणि झाकण काढल्यावर थांबायचं. खोलीत उजेड कमी असला की कित्येक मिनिटं. या वेळात वाऱ्यानं झुंबर हललं तर ते पुसट. नोकर समोरून चालत गेला तर तो फोटोत येतच नाही. फार तर भुतासारखी एक छाया.

इथं मी थांबलो, बरं का. कारण हॉलचा फोटो रिकामा का असतो, याचं एक कारण इथं सापडतं. एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्याचा फोटो रिकामा असायचा कारण हलणारी माणसं टिपता येत नव्हती. जो हलतो तो दिसत नाही. आणि हलायचं कोण? झाडणारा, पंखा ओढणारा, ताटं वाहणारा. मालक खुर्चीत स्थिर बसू शकतो, त्याचा फोटो येतो. राबणाऱ्याला स्थिर बसायची मुभा नव्हती. कॅमेऱ्यानं कुणाला मुद्दाम वगळलं नाही, पण वगळलं गेलं.

आता आपल्या खिशातला फोन सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो काढतो. तरी हॉलच्या जाहिरातीत माणूस नसतो. कारण संपलं, सवय राहिली.

अल्बम म्हणजे तेव्हाचं ब्रोशर

हे फोटो बघायचं कोण? तेव्हा अशा फोटोंचे जाडजूड अल्बम बांधून व्हाइसरॉय, रेसिडेंट, बाहेरचे राजे अशा पाहुण्यांना भेट द्यायचा रिवाज होता. 1902 साली व्हाइसरॉय कर्झन हैदराबादेत आला, त्या दौऱ्याचेही फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओनं काढले. संस्थानाला दाखवायचं होतं की आम्ही मागासलेले नाही, आमच्याकडं पण झुंबरं आहेत, काटे-चमचे आहेत, शिस्त आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या डोक्यात 'देशी संस्थान म्हणजे गलथान कारभार' असं पक्कं बसलेलं असताना हा फोटो म्हणजे एक उत्तर होतं. मला ते समजतं. आमच्या कार्यालयाचा मालकही तेच म्हणत होता: "परळी-बीडच्या हॉलसमोर आपला हॉल खेडवळ वाटायला नको."

पण त्याच स्टुडिओच्या कामात आणखी एक प्रकार आहे. संस्थानातल्या दुष्काळी मदतकार्याचे फोटो. त्यातले काही औरंगाबाद भागातले आहेत. म्हणजे आपल्या शेजारचे.

1899-1900 चा दुष्काळ. छपन्नाचा दुष्काळ म्हणून जुनी माणसं सांगायची, कारण विक्रम संवत 1956. त्याच्या आधी दोन-तीन वर्षांपूर्वीच एक दुष्काळ होऊन गेलेला. जनगणनेत बघा: 1891 साली बीड जिल्ह्याची लोकसंख्या सहा लाखांच्या वर होती, 1901 साली ती पाच लाखांच्या खाली आलेली. दहा वर्षांत. काही मेले, काही गाव सोडून गेले. गाव सोडून जाण्याची आपली सवय आजची नाही.

आणि त्या मदतकार्याच्या फोटोंचा घाट बघितला तर तो दिवाणखान्याच्या फोटोंसारखाच आहे. सगळं मांडलेलं. माणसं ओळीनं बसलेली, कॅमेऱ्याकडं तोंड करून, न हलता. अधिकारी त्यांच्या जागी. भूक आहे, पण शिस्तीत आहे. कारण फोटो भुकेचा नव्हताच, फोटो व्यवस्थेचा होता. 'आम्ही काहीतरी करतोय' हे दाखवायचं होतं. दिवाणखान्यात राबणारी माणसं हलल्यामुळं दिसली नाहीत. इथं माणसं दिसली, कारण त्यांना स्थिर बसवलं.

दीनदयाळांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. त्यांनी हे फोटो काढले नसते तर आपल्या बाजूच्या त्या काळच्या चेहऱ्यांचा पुरावा आणखीच कमी राहिला असता. त्यांच्या स्टुडिओच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. पण फोटो बघताना एक प्रश्न विचारायला मी शिकलो: हा फोटो कुणाच्या सांगण्यावरून काढला आणि कुणाला दाखवायला?

ताजचं तोंड कुठं आहे?

एक छोटी मुंबईची गोष्ट सांगतो, मग परत गावाकडं.

मुंबईचं ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला सुरू झालं. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. एक अफवा तुम्ही पण ऐकली असेल: हॉटेल चुकून उलटं बांधलं, म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला. ती खोटी आहे. मूळ दरवाजा मुद्दामच शहराच्या बाजूला होता, आज जिथं पोहण्याचा तलाव आहे तिकडं, कारण घोडागाड्या तिकडूनच यायच्या. मग ही अफवा टिकली कशी? मला वाटतं, फोटोमुळं. शंभर वर्षं पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर ताजचा समुद्राकडून काढलेला फोटो छापला गेला. घुमट, कमानी, समोर पाणी. लोकांच्या डोक्यात तीच पुढची बाजू झाली. मग दरवाजा मागं का, हा प्रश्न पडला आणि उत्तर म्हणून गोष्ट तयार झाली.

फोटोची ताकद ही अशी. इमारतीचं तोंड कुठं आहे हे आर्किटेक्ट ठरवतो, पण लोकांच्या डोक्यात ते फोटोग्राफर ठरवतो. पहिल्या महायुद्धात याच ताजमध्ये 600 खाटांचं लष्करी हॉस्पिटल केलं होतं. नाचाच्या हॉलचे फोटो सगळ्यांना माहीत असतात, खाटांचं फारसं कुणी सांगत नाही.

मग आपण काय करायचं?

तुमच्यातले कितीतरी जण गावात हेच काम करताय हे मला माहीत आहे. लॉन्स, मंगल कार्यालय, हॉटेलचा पार्टी हॉल, सगळ्यांना फोटो लागतात. वाईट फोटो काढा असं मी म्हणणार नाही. देखणा काढा, पण खरा काढा. मी आता काय करतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे 0.5 ला आवर घाला. त्या भिंगानं जवळचं फार मोठं दिसतं आणि लांबचं फार लांब जातं, म्हणून साठ फुटांचा हॉल शंभर फुटांचा वाटतो. कडेच्या खुर्च्या ताणून सोफ्यासारख्या होतात. मुख्य फोटो 1 वर काढा. मागं सरकायला जागा नसेल तर दारातून काढा, नाहीतर दोन फोटो द्या.

दुसरं, फोन छातीच्या उंचीला धरा आणि सरळ धरा. सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेघा चालू करा आणि खांब रेघेला लावा. छत दाखवायला फोन वर वाकवू नका. इंजिनिअर दीनदयाळांची आठवण ठेवा.

तिसरं, उजेड. भर दुपारी खिडकी समोर घेऊ नका, आजही ती पांढरीच जळते. फोन तीन-चार फोटो एकत्र करून खिडकी आणि खोली दोन्ही वाचवतो हे खरं, आणि तीही कल्पना जुनीच आहे. 1850 च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राची एक आणि आकाशाची वेगळी निगेटिव्ह जोडून एक फोटो करायचा. पण सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं, जेव्हा बाहेरचा आणि आतला उजेड जवळपास सारखा होतो, तेव्हा काही जोडावं लागत नाही. ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे एकदम लावू नका, अर्धी भिंत निळी आणि अर्धी हळदीची होते.

चौथं, फोटोत माणूस ठेवा. खुर्चीत बसलेला, दारात उभा, स्टेजवर झेंडूच्या माळा बांधणारा. माणूस दिसला की डोळा आपोआप माप घेतो. छत किती उंच, स्टेज किती खोल, हे माणसावरून कळतं.

आणि पाचवं, ज्याची मला लाज वाटते कारण मी हे केलं नव्हतं: टेप घ्या. लांबी-रुंदी मोजून फोटोखाली लिहा. खुर्च्या किती बसतात, पंगतीला एका वेळी किती, हे लिहा. आणि जे देखणं नसतं त्याचेही फोटो द्या: स्वयंपाकाची जागा, बायकांचं बाथरूम, पाण्याची टाकी, गाड्या लावायची जागा, उन्हाळ्यात सावली कुठं आहे ते. फडात बसून लेकीच्या लग्नाचा हॉल ठरवणाऱ्या बापाला झुंबरापेक्षा पाण्याची टाकी बघायची असते.

शेवटचं

मागच्या महिन्यात मी त्याच मालकाकडं गेलो. म्हटलं, काका, फोटो परत काढून देतो, पैसे नकोत. त्यांनी नवे फोटो बघितले आणि तोंड वाकडं केलं. "अरे, ह्यात तर हॉल लहान दिसतोय."

"काका, तेवढाच आहे तो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण असले फोटो टाकून बुकिंग कोण करंल?"

मी त्यांना एक फोटो दाखवला. एका साखरपुड्यातला होता. दीड-दोनशे माणसं, पंगत बसलेली, वाढप्या हातात बादली घेऊन वाकलेला, मागं पोरं पळतायत, एक आजी पानावरून मान वर करून माझ्याकडं बघतेय. हॉल भरलेला, कुणी बाहेर नाही. त्या फोटोत हॉल लहान नाही आणि मोठा पण नाही. जेवढा आहे तेवढा आहे, आणि पुरलाय.

काकांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. वाढप्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हा आपला जुना माणूस. बारा वर्षं झाली. ह्याचा एक बी फोटो न्हाई कुठं."

तो फोटो आता पहिला लावलाय. त्याच्याखाली लिहिलंय: लांबी 62 फूट, रुंदी 38 फूट, पंगतीला दोनशे, टाकी आहे, मांडवाची सावली वेगळी सांगावी लागेल. मुलीच्या त्या वडिलांना मी अजून भेटलेलो नाही. ते दिवाळीनंतर फडावर गेले. आले की आधी हा भाग त्यांना ऐकवणार आहे.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, तुमच्या घरात लग्नाचे जुने अल्बम असतील तर काढा आणि फोटोच्या कडेला बघा. मधले सगळे ओळखीचे असतील. कडेला अर्धवट आलेलं कोण आहे, ते आजीला विचारा. ती जिवंत आहे तोवर विचारा.